तोडेदार बंदुकीच्या प्रतिकृती व त्यांची परीक्षा

शस्त्रप्रदर्शनांतून आणि शाळांच्या इतिहासदालनांतून तोडेदार बंदुका अलीकडे बऱ्याच दृष्टीस पडू लागल्या आहेत. त्यांतील पुष्कळशा नव्या घडविलेल्या असतात. यात वावगे काही नाही. अस्सल बंदूक दुर्मिळ, महाग आणि कायद्याच्या दृष्टीने अवघड. ती विद्यार्थ्याच्या हाती देता येत नाही. प्रतिकृती हाती देता येते. तोडा कसा बसतो, चाप ओढला म्हणजे काय हलते, हे तिच्यावर दाखविता येते. तेव्हा प्रतिकृती घ्यावी की घेऊ नये हा प्रश्न नसून, कोणती घ्यावी आणि घेण्यापूर्वी ती कशी पारखावी, हा आहे. या त्रैमासिकाचे बहुतेक वाचक पोथ्या, दप्तरे आणि नाणी यांचे संग्राहक. बंदुकीकडे वळण्याचा प्रसंग त्यांस क्वचितच येत असेल. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. वैराग येथे संस्कृत शिकविण्यात माझी हयात गेली, आणि बंदुकीचे जे थोडेबहुत ज्ञान झाले ते एका फसगतीमुळे झाले. ती फसगत आधी सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी शाळेच्या इतिहासदालनासाठी मी एका जत्रेत, फिरत्या व्यापाऱ्याकडून, एक तोडेदार बंदूक खरेदी केली. नळीवर गंज होता, दस्त्याला चीर होती, चामड्याच्या वाद्या झिजलेल्या होत्या. “आष्टीच्या लढाईतली आहे, गुरुजी,” असे तो म्हणाला. आष्टी आमच्याच सोलापूर जिल्ह्यातली. २० फेब्रुवारी १८१८ रोजी तेथे बापू गोखले पडले. जवळची गोष्ट माणसाला लवकर पटते. मी सुवाच्य अक्षरांत ‘पेशवेकालीन तोडेदार बंदूक’ अशी पाटी लिहिली आणि बंदूक भिंतीवर लावली. दोन वर्षांनी सातवीतील एका मुलाने विचारले, “गुरुजी, वरची दारू पेटल्यावर विस्तव आत कोठून जातो?” मी भोक दाखवावयास गेलो. भोक नव्हते. प्याल्याच्या बाजूस नळीचे लोखंड सलग होते. त्या बंदुकीतून बार कधी उडालेला नव्हता आणि उडणे शक्यही नव्हते. पाटी त्याच दिवशी काढली. परंतु मधल्या काळात तिचे छायाचित्र एका स्मरणिकेत ‘पेशवेकालीन’ म्हणून छापून गेले होते, आणि त्या स्मरणिकेच्या आधाराने ती दुसऱ्या एका लेखात शिरलेली मी पुढे पाहिली. पाटी काढता येते, छापलेले काढता येत नाही. वाईट प्रतिकृतीने होणारे नुकसान पैशाचे फारसे नसते. ती पुराव्यात मिसळते, हे खरे नुकसान. आज आम्ही जी नवी बंदूक बिनखुणेची भिंतीवर लावू, ती आणखी पन्नास वर्षांनी कोणी तरी जुनी म्हणून अभ्यासील.

पोथीच्या संग्राहकास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. प्रत उतरणारा लेखक शेवटी पुष्पिका लिहितो: आपले नाव, गाव, शक, संवत्सर, तिथी; पुष्कळदा कोणासाठी उतरले तेही. अशी प्रत शंभर वर्षांची असो की काल लिहिलेली असो, ती प्रामाणिक असते. याच्या उलट, कोऱ्या कागदाला चहाच्या पाण्याचा रंग देऊन, धुराची पुटे चढवून, जुन्या मितीची सनद लिहिणारा मनुष्य प्रत करीत नाही, बनावट करतो. बंदुकीसही हेच लागू. प्रतिकृतीचा पहिला गुण मूळाशी इमान आणि दुसरा, तितकाच मोठा, आपण प्रतिकृती आहोत हे उघडपणे सांगणे.

हा दुसरा गुण काही आजची टूम नव्हे. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत बादशाही बंदुकांवर काय काय कोरीत ते दिले आहे: कच्च्या व घडविलेल्या लोखंडाचे वजन, लोखंड कोठून आणले ते ठिकाण, कारागिराचे नाव, बंदूक घडविल्याची जागा, तारीख आणि अनुक्रमांक. ही सबंध पुष्पिकाच झाली. आमच्या बाजूचेच उदाहरण हवे तर बार्शीपासून जवळच्या परांडा किल्ल्यावरून १६३२ मध्ये विजापुरास नेलेली मलिक-इ-मैदान तोफ पाहावी. १५४९ मध्ये अहमदनगरास ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हुसेन रूमीचे नाव तिच्यावर आहे. आणि १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरविला तो वेगळा, आपल्या सालासह. पहिल्या लेखात त्याने हात घातला नाही. नव्या हाताने जुन्यावर लिहावे ते असे.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी करून पुन्हा एक तोडेदार घेण्याचे ठरविले, आणि एकदा फसलेला मनुष्य म्हणून परीक्षेचे काम मजकडे आले. तीन ठिकाणांहून तीन बंदुका पाहावयास मागविल्या. पुढील विवेचन त्या तिघींच्या अनुषंगाने करतो. पण आधी वस्तूची ओळख हवी.

हिंदुस्थानी तोडेदाराची रचना साधी आहे. लांब नळी, बहुधा चार फुटांच्या आसपास, मागे जाड आणि पुढे निमुळती. तोंडाशी पुन्हा थोडी फुगीर. नळी लाकडी कुंद्यात बसविलेली, आणि चामड्याच्या वाद्यांनी किंवा पितळी तारेने व पट्ट्यांनी त्याला जखडलेली. उजव्या बाजूस नळीला लागून लहानसा प्याला. त्यात रंजक, म्हणजे बारीक दारू, घालावयाची. प्याल्यातून नळीच्या पोटात जाणारे बारीक भोक तो कान. कुंद्याच्या मध्यावर उभी खाच. तिच्यातून तोडा धरणारा दुबेळक्या टोकाचा आकडा वर आलेला. खाली पानाच्या आकाराचा चाप. चाप ओढला की आकडा पुढे झुकून जळता तोडा प्याल्यात टेकवितो. सोडला की मागे येतो. ही सर्व यंत्रणा कुंद्याच्या आत, दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये झाकलेली असते. युरोपीय तोडेदारात तसे नाही. तेथे यंत्र उजव्या अंगास एका वेगळ्या पत्र्यावर बसविलेले असते. हा एक भेद ध्यानात ठेवला तरी निम्म्या प्रतिकृतींचा निकाल लागतो.

आता परीक्षा. बंदूक जुनी म्हणविणारी असो वा नवी, हाती घेतल्यावर पहिली गोष्ट एकच करावी: तोंड माणसांपासून दूर धरून नळीत एक लाकडी काठी अलगद तळापर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी, काठी काढून नळीच्या बाहेरून लावून पाहावी. काठीचे टोक कानाच्या जागेपर्यंत आले पाहिजे. चार बोटे अलीकडे अडले तर आत काही आहे; आणि ते काही म्हणजे ठासलेला बार असू शकतो. ठासणीच्या जुन्या बंदुका भरलेल्या स्थितीत पिढ्यान्पिढ्या माळ्यावर पडून राहिल्याची उदाहरणे आहेत, आणि काळी दारू कोरडी राहिली तर तिची शक्ती जात नाही. अशी बंदूक सापडल्यास पुढील परीक्षा करू नये. ती जाणत्याकडे व पोलिसांकडे सोपवावी. विस्तव, तापविलेली सळई किंवा गिरमिट तिच्याजवळ नेऊ नये. पोथीच्या परीक्षेत चूक झाली तर पाठ चुकतो. येथे डोळा जातो.

हीच काठी नव्या बंदुकीचेही गुपित सांगते. आमच्या तिघींपैकी पहिली, सजावटीच्या वस्तूंच्या एका दुकानातून आलेली, दिसावयास सर्वांत देखणी होती. काठी वीतभर गेली आणि थांबली. पुढची वीतभर नळी पोकळ, बाकी भरीव गज, त्यावर रंग. भिंतीवर लावण्यास ती ठीक; शिकविण्यास निरुपयोगी.

नळीची दुसरी परीक्षा सुताची. एक दोरा घेऊन नळीचा घेर मागे कानाजवळ, मध्यावर आणि तोंडाच्या फुगीर भागाच्या अलीकडे असा तीन ठिकाणी मोजावा. बाजारच्या पाइपाची नळी तिन्ही ठिकाणी सारखी भरते. घडविलेली नळी मागे स्पष्ट जाड असते, कारण बाराचा सगळा जोर तेथे येतो. काही कारागीर पाइपावर मागे दुसरी नळी चढवून जाडी आणतात. अशा वेळी जोडाची गोल रेघ नखाला लागते. नंतर नळीच्या तोंडातून आत उजेड सोडून पाहावे. यंत्रावर पत्रा वळवून जोडलेल्या पाइपात तोंडापासून तळापर्यंत पट्टीने आखल्यासारखी एक सरळ बारीक रेघ दिसते. येथे एक इशारा दिला पाहिजे. रेघ दिसली म्हणजे नवी असे सरसकट म्हणू नये. पत्र्याच्या दोन कडा लांबीत जोडून नळी करण्याची रीत जुन्या काळीही होती. अबुल फजलच लिहितो की, अशा नळ्या फुटत, म्हणून पुढे लोखंडाची पट्टी तिरपी पिळून, तिचे वेढे कडेला कड न लावता एकावर एक येतील असे बसवून, तापवून जोडू लागले. अशा पिळाच्या जुन्या नळीवर गंजाच्या कडेने तिरप्या रेषा उमटतात. परंतु हातोड्याने जुळविलेला सांधा कोठे रुंद, कोठे अरुंद असतो. यंत्राचा सांधा सर्वत्र एकच. लेखकाचा हात आणि छापखान्याचा टाइप यांतला हा फरक आहे, आणि तो ओळखण्याची सवय पोथीवाल्यास असतेच.

प्रतिकृती दाखविण्यापुरतीच घ्यावयाची असल्यास पाइपाची नळी हा काही घोर अपराध नव्हे. फक्त विकणाऱ्याने ते सांगावे आणि किंमतही त्या मानाने घ्यावी. नळीचे मागचे तोंड कसे बंद केले आहे तेही पाहावे; चांगल्या कामात आट्याचा बुच असतो, वाईटात झाळ मारून ठोकळा बसविलेला असतो आणि झाळेचे थेंब कुंद्याच्या सावलीत तसेच राहिलेले असतात.

यंत्राची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत सोपी, तरी तीच लोक करीत नाहीत. तोड्याच्या जाडीची सुताची दोरी आकड्याच्या बेळक्यात अडकवावी आणि चाप सावकाश ओढावा. दोरीचे टोक प्याल्याच्या मध्यावर टेकले पाहिजे. पुढे नाही, मागे नाही, नळीला घासून नाही. चाप सोडल्यावर आकडा आपण होऊन परत आला पाहिजे. प्याल्याचे झाकण बोटाने फिरले पाहिजे आणि बंद असता आकड्यास अडविले पाहिजे. हे चार प्रकार नीट झाले तर कारागिराला बंदूक समजली आहे असे मानावे. आमच्या दुसऱ्या बंदुकीत नळी उत्तम, लाकूड उत्तम. परंतु आकडा प्याल्यापासून बोटभर दूर टेकत होता, आणि तो बसविला होता उजव्या अंगाच्या पत्र्यावर, युरोपीय पद्धतीने. दस्ता मात्र राजपुतान्याकडच्या सरळ, पैलूदार धाटणीचा. कारागिरास विचारले, आदर्श कोणता? म्हणजे कोणत्या संग्रहातील कोणती बंदूक समोर ठेवून ही घडविली? त्याने एका चित्रपटाचे नाव सांगितले.

आदर्श विचारण्याचा हा प्रश्न पोथीवाल्यांनी कधीही विसरू नये. दोन भिन्न परंपरांच्या प्रती मिसळून केलेला पाठ संपादकास जसा नकोसा, तशी ही संकरित बंदूक. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे जुनी शस्त्रे पाहावयास मिळतात. खरेदीपूर्वी एक खेप तेथे घालावी, दस्त्याचा आकार, चापाचे पान, प्याल्याची जागा यांची रेखाटने करून आणावीत, आणि ती घेऊनच विक्रेत्यापुढे बसावे. माझी चित्रकला शाळेत थट्टेचा विषय होती. तरी ती रेखाटने छायाचित्रांपेक्षा अधिक उपयोगी पडली, कारण काढताना पाहावे लागते.

लाकडाविषयी थोडेच लिहितो. बहुधा शिसवीचे किंवा सागवानी असते. दस्ता जेथे बारीक होतो तेथे लाकडाचा तंतू लांबीत जात असावा. आडवा गेला असल्यास बंदूक एकदा पडली की तेथेच मोडते. चिरा मेण व लाकडाचा भुसा मिसळून बुजवितात. रंग एकसारखा असला तरी उजेडात तो भाग निराळा चमकतो. नळी आणि कुंदा यांच्या मधून कागदाची पट्टी सरकते का ते पाहावे. जागोजाग सहज सरकली तर खोबण घाईने कोरली आहे. (पट्टी रद्दीची घ्यावी. आमच्या एका मित्राच्या हाती नेमके एका बखरीचे सुटे पान होते!) फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसल्यास पुढे बोलणेच नको.

सजावट आणि गंज या दोहोंत फसवणुकीला सर्वांत मोठा वाव आहे. खऱ्या कोफ्तगिरीत पोलादावर आधी बारीक उभ्याआडव्या रेघा खरवडून त्यांवर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवितात. भिंगातून तारेच्या कडेला त्या रेघा दिसतात. सोनेरी मुलाम्याखाली किंवा रंगाखाली त्या नसतात. गंजाचे म्हणाल तर जुना गंज गडद, तपकिरी, कोठे दाट कोठे विरळ; हात लागतो तेथे झिजलेला, खोबणीत साठलेला. तेजाबाने आणलेला गंज नारिंगी आणि सर्वत्र सारखा. हात न लागणाऱ्या जागी, कुंद्याखाली लपलेल्या नळीवर, तो एकदम थांबतो किंवा बाहेर आहे तितकाच आत असतो. प्रतिकृतीला गंज आणलेला असणे हेच मुळी संशयास्पद. नव्या वस्तूस म्हातारपण कशाला? माझ्या त्या जत्रेतल्या बंदुकीचा गंज नारिंगी होता, हे मला आज आठवते; तेव्हा तो मला आष्टीचा वाटला होता.

अक्षरांचा प्रांत मात्र आपला आहे. बिकानेरच्या जुन्या शस्त्रागारातील पुष्कळ शस्त्रांवर ठिपक्याठिपक्यांनी उठविलेली देवनागरी अक्षरे आढळतात, आणि त्यांत १६८९ मध्ये अदोनी येथे मिळालेल्या लुटीची नोंद असते. महाराजा अनूपसिंह औरंगजेबाच्या बाजूने दक्षिणेत लढले. त्यांनीच येथून संस्कृत पोथ्याही नेल्या, आणि बिकानेरचे अनूप संस्कृत ग्रंथालय त्यांच्या नावाने विख्यात आहे. असा लेख शस्त्राची किंमत वाढवितो, म्हणून तो मागाहून घालण्याचा मोह विक्रेत्यास होतो. अशा वेळी लेखाचा अर्थ नंतर पाहावा. आधी वळण पाहावे. सतराव्या शतकातील लेखात आजच्या टंकाचा ‘अ’ किंवा ‘झ’ आला, की निर्णय झाला. ठिपके जुन्या पृष्ठभागाबरोबर झिजले आहेत, की गंजाच्या वरून ठोकले आहेत, हेही भिंग सांगते. यंत्राच्या इतिहासावरूनही दावा तपासता येतो. ज्या बंदुकीला वर टोपी बसविण्याची बोंडी आहे ती शिवकालीन असू शकत नाही. स्फोटक मसाल्याने बार पेटविण्याची युक्ती फोर्सिथने १८०७ मध्ये नोंदविली आणि तांब्याच्या टोप्या त्यानंतरच्या. फार तर नळी जुनी असेल आणि यंत्र मागाहून बदललेले. तसे असल्यास तसे लिहावे.

हे नियम तोडेदारापुरतेच आहेत की इतर बंदुकांसही लागू पडतात, अशी शंका मला होती. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. तेथे खाली तरफ असलेल्या, पुन्हापुन्हा बार काढणाऱ्या विंचेस्टर बंदुकीच्या प्रतिकृतींचा मोठा शोक आहे. १८६६ आणि १८७३ सालच्या नमुन्यांच्या या प्रती प्रामुख्याने इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया या गावी होतात. तो घेण्यापूर्वी काय पाहतो ते मी त्याला विचारले. तरफ खाली ओढून पुन्हा मिटताना मध्ये कोठे अडखळते का. मिटल्यावर ती हलते का. नळीखालच्या नळकांड्यातून काडतूस वर येताना तिरपे होते का. बाजूच्या पत्र्यांच्या सांध्यात नख अडकते का. लाकूड लोखंडापेक्षा वर उठले आहे की खाली बसले आहे. म्हणजे आमचीच परीक्षा, यंत्र तेवढे निराळे. त्याने पुढे जे लिहिले ते मला विशेष वाटले. प्रत्येक नळीवर तेथील सरकारमान्य चाचणीगृहाचा शिक्का असतो, घडविणाऱ्याचे नाव असते, आणि वर्षाची सांकेतिक खूण असते. १९७५ पासून ती दोन रोमन अक्षरांची आहे, पहिल्या वर्षी ए ए. काही प्रतींत मूळात नसलेली सुरक्षिततेची कळ घातलेली असते. पण शिक्का व नाव असल्यामुळे तिला कोणी जुनी समजत नाही. उघडपणे सांगितलेला पाठभेद, इतकेच.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आपल्याच खंडातले. ब्रिटिश लष्कराने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री हीही तरफेचीच, पण एकबारी बंदूक. खैबर खिंडीच्या व दर्रा आदमखेलच्या बाजूच्या कारागिरांनी तिच्या असंख्य नकला हाताने केल्या, आणि शिक्केही नकलून घातले. त्यांत व्हिक्टोरिया राणीची मुद्रा आणि तिच्याखाली १९०१ नंतरचे साल अशा बंदुका सापडतात. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. ‘एन्फील्ड’ या इंग्रजी शब्दातील ‘एन’ उलटा कोरलेलाही सापडतो. लिपी न वाचता आकृती म्हणून उतरणाऱ्या लेखकाची ही चूक. ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ करणारा आमचा लेखक याचा सख्खा भाऊ. लोहार म्हणून तो कारागीर असामान्य. परंतु त्याच्या बंदुकीच्या पोलादाचा भरवसा नाही, आणि शिक्क्याचा तर नाहीच.

कायद्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे, जिच्यातून बार उडू शकतो ती ठासणीची बंदूकही बंदूकच. ती नवी असो वा जुनी, परवाना लागतो. त्याच अधिनियमाच्या ४५ व्या कलमात जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रांस सूट आहे. अट ही की, दुरुस्त करून वा न करता ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये. नकली बंदूक परवान्याविना खरी करून घेणे, म्हणजे कान पाडून घेणे, सहाव्या कलमाने निषिद्ध आहे. परदेशी हौशी लोकांसाठी भारतात होणाऱ्या चकमकीच्या बंदुकाही पुष्कळदा कान न पाडताच पाठवितात, त्याचे कारण हेच. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूस १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि तिचा व्यापार परवान्याविना करता येत नाही; पोथीस हीच मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, हे बहुतेक वाचक जाणतात. व्यापारी एकाच तोंडाने ‘पुरातन आहे’ आणि ‘कागदपत्राची गरज नाही’ असे म्हणू लागला, की त्यातले एक वाक्य निश्चित खोटे. आम्ही बंदूक घेण्यापूर्वी तिचे वर्णन लिहून पोलीस ठाण्यात दिले आणि पोच घेतली.

आता गंमत अशी की, ज्या उणिवेमुळे माझी पहिली बंदूक खोटी ठरली, तीच उणीव तिसऱ्या बंदुकीत मी अट म्हणून घातली. ही बंदूक राजस्थानातील एका वृद्ध कारागिराची. काठी तळापर्यंत गेली. सुताचे घेर तिन्ही ठिकाणी वेगळे भरले. आकडा प्याल्याच्या मध्यावर टेकला आणि सुटताच परत आला. यंत्र कुंद्याच्या पोटात. आदर्श कोणता, हे विचारताच त्याने आपल्या आज्याच्या हातचे कागदी नमुने पिशवीतून काढले. कान मात्र नाही. त्या जागी नुसता टोच्याने उठविलेला ठिपका. बाजूच्या पट्टीवरचा एक खिळा ओबडधोबड होता, तेवढा मी चालवून घेतला.

अडले ते नावावर. नळीवर आपले नाव, गाव व साल कोरून द्यावे असे मी म्हटले, तेव्हा तो बराच वेळ बोलेना. नाव घातले तर गिऱ्हाईक परत करते, असे तो म्हणाला. चाळीस वर्षांत कोणी मागितले नव्हते. मग कुंद्याखाली, दिसणार नाही असे, कोरतो म्हणाला. मी म्हटले, पुष्पिका पोथीच्या पुठ्ठ्यात लपवीत नाहीत. शेवटी त्याने ते नळीच्या पाठीवर, कानाच्या ठिपक्याच्या मागे, नेम धरताना डोळ्यासमोर येईल अशा जागी, छिन्नीने कोरले. ‘साल’ शब्दातला ‘ल’ मारवाडी वळणाचा आहे.

ती बंदूक आता दालनात मेजावर ठेवली आहे. मुले तिचा चाप ओढतात. जत्रेतली बंदूक मी फेकली नाही. ती तिच्याच शेजारी भिंतीवर आहे, आणि तिच्याखाली नवी पाटी लावली आहे: ‘नवी. १८१८ ची म्हणून विकत घेतलेली. कान शोधून पाहा.’